पेटवल्याचं काळं

माझं काम काय असं कुणी विचारलं, तर मी सांगते, दिवे म्हातारे होताना बघत बसायचं. लोकांना वाटतं मी विनोद करते. मी विनोद फारसे करत नाही, आणि केलेच तर ते बहुतेकांना झोंबतात. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचा एक छोटा कारखाना आहे. छापखान्यात ओली शाई क्षणात वाळवणारे जे दिवे असतात, ते आम्ही बनवतो. क्वार्ट्झच्या काचेची हातभर लांब नळी, आत थेंबभर पारा, आणि दोन्ही टोकांना टंगस्टनची एकेक जाडसर काडी, तिच्यावर तारेचं वेटोळं. या काडीला म्हणायचं इलेक्ट्रोड. वीज एका काडीवरून सुटते, दुसरीपर्यंत पोचते, आणि मधला पारा लखलखून उठतो. या दिव्यांची चाचणीची खोली माझ्या ताब्यात आहे. तिथे सहा लोखंडी कपाटं आहेत. उजेड डोळ्यांना घातक, म्हणून प्रत्येक कपाटाला काळी काच, बाहेर एक बटण, वर हवा ओढणारा पंखा. आत दिवा जळत असतो आणि त्याचा उजेड किती उतरला ते मी मोजत असते.

या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळलीय. दिवा जळून झिजत नाही, पेटताना झिजतो. बटण दाबलं की काडी थंडगार असते, वीज सोडायला तयार नसते. मग तिच्यावर मारा सुरू होतो. पाऱ्याचे कण गारांसारखे येऊन आदळतात आणि टंगस्टनचे कण उडवतात. उडालेलं टंगस्टन काचेला आतून चिकटतं आणि काच काळी पडते. काडीचं टोक पांढरंफटक तापलं की मात्र सगळं निवतं. वीज आपसूक बाहेर पडू लागते, टोकावरच्या एका ठिकाणी स्थिर होते, आणि मग दिवा महिनोन्महिने जळला तरी काडीचं फारसं बिघडत नाही. माणसांचंही असंच असतं बरं का, असं कुणी म्हणायला लागलं की मी उठून चहाला जाते. माणसांचं कसं असतं ते मला माहीत नाही, मी दिव्यांबद्दल बोलतेय.

तर, आमच्या काडीत आम्ही पूर्वीपासून थोडं थोरियम घालतो. त्यामुळे ती लवकर वीज सोडते, मार कमी खाते. पण थोरियम किंचित किरणोत्सारी. ते मिळवायला आता नाकी नऊ येतात, परवान्यांचा जाच वेगळाच. म्हणून आमच्या मालकांनी, प्रभाकरसरांनी, थोरियमशिवायचा इलेक्ट्रोड करायचं ठरवलं आणि त्यासाठी सुश्रुतला घेतलं. घेतलं ते करारावर. "जमलं तर कायम करतो. नाही जमलं तर दिवाळीनंतर तू तुझ्या वाटेनं, मी बाहेरून तयार इलेक्ट्रोड घेईन," असं सरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. सर वाईट माणूस नाहीत. ते सगळं तोंडावर सांगतात इतकंच.

सुश्रुत टिटवाळ्याचा. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. उंच, जरासा पोक काढून चालणारा मुलगा. पहिल्याच दिवशी त्यानं क्वार्ट्झची नळी उघड्या हातानं उचलली, आणि मी त्याला असं झाडलं की तो दुपारी जेवला नाही. हाताचा घाम लागला की क्वार्ट्झ तापल्यावर तिथेच पांढुरकं होऊन तडकतं, हे काय पदव्या घेऊन कळत नाही का, वगैरे. दुसऱ्या दिवशी तो हातमोजे घालून आला आणि मला 'मैथिलीताई' म्हणाला. मी त्याला म्हटलं, ताईबिई बाहेर. त्यानं ऐकलं नाही. पुढे पुढे मलाही ते आवडायला लागलं, पण तसं मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्यानं थोरियमऐवजी लँथॅनम हा किरणोत्सारी नसलेला धातू घालून काडी केली. किती वेळा केली आणि मोडली ते मी पाहिलंय. शेवटी एक जमली. त्याचे तीन दिवे आणि थोरियमचे जुने तीन दिवे मी सहा कपाटांत एकाआड एक लावले, एक नवा, एक जुना. परदेशी नियमाप्रमाणे चाचणी चालू झाली. जवळजवळ अर्धा दिवस जळायचं, तासभर विझायचं, पुन्हा पेटायचं. सगळं घड्याळावर. गणपतीपर्यंत सुश्रुतचे दिवे जुन्यांच्या पुढे होते. उजेड जास्त, आणि टोकावरची ज्योत जागची हलत नव्हती. माझ्या खोलीत मी कुणाचं कौतुक करत नाही. त्याच्या दिव्यांचं केलं. तो इतका खूश झाला की त्यानं घरी आईला सांगून टाकलं, मी कायम होणार.

मग आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा असते. सगळी मशीनं बंद करून धुवायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. त्या दिवशी कामगारांच्या घरची माणसं येतात. आपला बाप, आपला नवरा कुठल्या यंत्रापाशी उभा राहतो ते बघतात, आणि पूजा झाली की ते यंत्र घरच्या माणसाच्या हातानं सुरू करायचं, अशी आमच्याकडची रीत. सुंदर रीत आहे. फक्त माझ्या खोलीत ती चालत नाही. दर वर्षी मी दारात उभी राहते आणि हार बाहेरच्या कडीला घालायला लावते. कामगार मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. यंदा नेमकं सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी आठवडाभर रजेवर गेले.

परत आले तेव्हा सुश्रुत माझ्या स्टुलावर बसला होता. माझ्या स्टुलावर कुणी बसलेलं मला खपत नाही, पण त्याचा चेहरा बघून मी दिव्यांकडे वळले. त्याचे तिन्ही दिवे दोन्ही टोकांना काळे पडले होते, तव्याला काजळी धरावी तसे. उजेड धाडकन उतरला होता. शेजारचे जुने दिवे मात्र जसेच्या तसे.

"ताई, फसलं," तो म्हणाला. "आतापर्यंत काहीच नव्हतं, आणि एका आठवड्यात हे."

"रडायचं नंतर," मी म्हटलं. "आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू."

पुढचे काही दिवस आम्ही साप समजून भुई धोपटत होतो. त्यानं लँथॅनमची नवी पिशवी फोडून तपासली, भट्टीचं तापमान तपासलं, पारा तपासला. शेवटी त्याच्या तीनपैकी एक नळी आम्ही फोडली आणि काडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मला वाटलं होतं, टोक वितळून गोळा झालेलं दिसेल. तर टोक अगदी तसंच, जसं त्यानं घासून दिलं होतं तसं. खराब झालं होतं ते मागचं वेटोळं. खरवडल्यासारखं, खड्डे पडलेलं. मी बराच वेळ बघत राहिले. जळताना ज्योत टोकावर असते, वेटोळ्यापर्यंत ती जात नाही. वेटोळ्याला मार बसतो तो पेटताना, काडी थंड असताना.

"हे जळाल्याचं काळं नाही," मी म्हटलं. "हे पेटवल्याचं काळं आहे. कुणीतरी हे दिवे पुन्हा पुन्हा पेटवलेत."

खोलीची किल्ली माझ्याशिवाय उत्तमकडे असते. उत्तम आमचा जुना फिटर, आंबिवलीला राहतो. या कपाटांचं वायरिंग त्याच्या हातचं. गिऱ्हाइकाकडे दिवा बिघडला की पिशवी घेऊन तोच जातो, आणि दिवा बदलण्याआधी त्यांच्या शिव्या तोच खातो. मी त्याला बोलावून विचारलं, पूजेच्या दिवशी खोली उघडली होती का. मला वाटलं, तो दचकेल. तो तर खुलला.

"हो मॅडम! तुमी नव्हता ना, तर म्हटलं या खोलीला दरसाल उपाशी ठेवतो आपण. आणि ह्या पोराचे नवे दिवे. सगळ्यांचा हात लागला तर चांगलंच की. सगळी घरं आलेली. एकेकानं बटण दाबून बघितलं, पोरांनी तर टाळ्या वाजवल्या. माझी आय पण आलेली."

"हौसाबाई? एवढ्या लांब?"

"तिला म्हटलं, सुश्रुतच्या दिव्याला तुझा हात लाव. तिनं बटण दाबलं. आता तुमचा दिवा काय लगेच फाकत नाय. आधी आपला निळा निळा, मिणमिणता. तिला वाटलं, पेटलाच नाय. परत दाबलं. माझी नात सान्वी म्हणते, आजी, थांब ना. आजी कसली थांबतेय. शेवटी पेटला नीट, तेव्हा त्या पोराची अलाबला घेतली तिनं, कडाकडा बोटं मोडून. म्हटली, बिनबापाचं पोर हाय, नजर नको लागायला."

सुश्रुत खाली मान घालून ऐकत होता. आईच्या गोष्टी सांगता सांगता उत्तमला आमचे चेहरे दिसले आणि त्याचा आवाज हळूहळू बारीक झाला.

"काय चुकलं का मॅडम?"

मी त्याला सांगितलं. नीट तापण्याआधी विझवायचं, गार झाला की पुन्हा पेटवायचं, असं दिवसभर करणं म्हणजे काडीला नुसता मारच मार. एका दिवसात महिन्यांची झीज. मी हे रागावून सांगायला हवं होतं, आणि मला आवाज चढवताच येईना. त्यानं मुद्दाम नुकसान केलं असतं तर ओरडले असते. त्यानं आशीर्वाद दिला होता, त्यावर काय ओरडणार! उत्तम बाहेर गेला आणि त्या दिवशी डबा न खाता तसाच घरी घेऊन गेला.

मला मात्र सुटल्यासारखं झालं. घोडं सापडलं होतं. चाचणीचा नियम मोडला, म्हणजे चाचणी रद्द. काळं पडण्याचं कारण इलेक्ट्रोड नाही, पूजा आहे. चाचणीप्रमुख म्हणून मी एवढं एक वाक्य बोलले की सुश्रुत सुटला, आणि ते वाक्य शंभर टक्के नियमाला धरून होतं. शुक्रवारी सकाळी सरांकडे बैठक होती. मी त्याला म्हटलं, आईला सांग, काळजी करू नको. तो "हो ताई" म्हणाला आणि कामाला लागला.

गुरुवारी संध्याकाळी मी निघायच्या तयारीत असताना तो परत आला. हातमोजे घातलेले, आणि हातात एक नळी. थोरियमची, जुनी, माझ्याच कपाटातली. त्यानं ती माझ्या टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली. टोकाची काच लख्ख होती.

"बघितली मी ही रोज," मी म्हटलं. "जुनी आहे. तिचं काय?"

"उत्तमकाकांना मी परत विचारलं. नवे दिवे कुठल्या कपाटात ते त्यांना कुठे माहितीय? सहाच्या सहा कपाटांना हार घातलेले त्यांनी. एक दिवा गरम झाला की तो परत पेटत नाही ना लगेच, मग लोक बाजूच्यावर जायचे. सगळे सारखेच पेटवलेत, ताई. जुनेपण."

मी पर्स खाली ठेवली.

"म्हणजे जुन्यांनीपण तेवढाच मार खाल्ला," तो म्हणाला. "आणि त्यांना काही झालं नाही. माझा इलेक्ट्रोड जळताना मस्त आहे. पेटताना कच्चा आहे. तापायला वेळ घेतो, तेवढा वेळ मार खातो."

आता खरं सांगते, मला त्याचा राग आला. एवढं हातातोंडाशी आलं होतं आणि हा बसला होता उकरत.

"हे बघ," मी म्हटलं, "नियमात दिवसातून दोनदा पेटवायचं आहे. त्या हिशेबात तुझा दिवा पास आहे. कुणी तुला शंभरदा पेटवायला सांगितलेलं नाही."

"नियम जिथे लिहिलाय, तिथे लाइट जात नाही ताई."

मी डोंबिवलीची. आमचे दिवे जातात ते डोंबिवलीच्या एमआयडीसीत, भिवंडीत, अंबरनाथला. तिथल्या छापखान्यांत पावसाळ्यात लाइट दुपारपर्यंत किती वेळा जाऊन येते ते मला कुणी सांगायला नको. लाइट आली की मशीनवरचा माणूस दिवा पेटवतो, तापण्याआधी ती परत जाते. हौसाबाईंनी एका दिवसात जे केलं, तेच तिथे वर्षभर चालतं. आणि अशा दिव्यांची मी इतकी वर्षं परदेशी घड्याळावर चाचणी घेत होते.

"थोडे महिने मिळाले तर सुधारेल?" मी विचारलं.

"सुधारेल असं वाटतं. वेटोळं बदलायला लागेल. पण उद्या पास म्हटलं की सर थांबणार नाहीत, लगेच माल काढतील. आणि नापास म्हटलं की मीच नसेन."

"मग कशाला बोलतोस? झाकली मूठ सव्वा लाखाची. हे तुला आणि मला, दोघांनाच माहीत आहे. नव्या चाचणीत गुपचूप सुधार."

"तुम्ही चाचणीप्रमुख आहात," तो म्हणाला. "तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही."

आणि ती नळी तिथेच ठेवून तो गेला. घरी येऊन मी गुरुदत्तला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो बँकेतला माणूस. म्हणाला, "नियमानं तू बरोबर आहेस ना? मग झालं." मी भाजी चिरत होते. नियमानं मी बरोबर होते. त्या मुलाच्या आईनं एव्हाना शेजाऱ्यांनाही सांगितलं असेल, माझा सुश्रुत कायम होणार. एक वाक्य बोलायचं, तेही खोटं नव्हे. भाजीत मीठ दोनदा पडलं.

शुक्रवारी सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच असणार होतो. गेलो तर उत्तम आधीच आत उभा. टोपी हातात, डोळे सुजलेले.

"साहेब, ह्या पोराचं काय चुकलेलं नाय," तो म्हणत होता. "खोली मी उघडली. मॅडमनी सक्त सांगितलेलं असतं, आत कुणी जायचं नाय, तरी मी उघडली. माझ्या आयला मी आणलं. काय करायचं ते मला करा. काढायचं तर मला काढा."

"अरे, बस आधी," सर म्हणाले. "कोण काढतंय तुला? देवाच्या कामात झालेली चूक." मग ते माझ्याकडे वळले. त्यांनाही सुटल्यासारखंच वाटत होतं, ते दिसत होतं. मुलगा त्यांना आवडायचा. "म्हणजे मैथिली, गणपतीपर्यंत दिवे चांगले होते आणि पूजेमुळे बिघडले. बरोबर? मग आपण पास धरू, माल सुरू करू. तुझी दुसरी चाचणी मागाहून चालू राहू दे. सुश्रुतचं पत्र मी आजच काढतो. हरकत नाही ना?"

फक्त 'नाही' म्हणायचं होतं. हरकत नाही. उत्तम माझ्याकडे बघत होता, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. सुश्रुत समोरच्या भिंतीकडे बघत होता. मला त्या क्षणी डोंबिवलीचा कुठलाही छापखाना आठवला नाही, कुठलं तत्त्व आठवलं नाही. उत्तमच दिसत होता. पिशवी घेऊन तो कुणाच्या तरी दारात उभा आहे, आणि त्याच्या हातात याच मुलाचा काळा पडलेला दिवा आहे, आणि समोरचा माणूस त्याच्या आईवरून शिव्या देतोय.

"आहे, सर," मी म्हटलं. "हरकत आहे."

मी जुनी नळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. जुनेही तेवढेच पेटवले होते. ते टिकले. नवे टिकले नाहीत. आपल्या गिऱ्हाइकांकडे हा दिवा आत्ता तरी टिकणार नाही. त्याला वेळ दिला तर तो जमवेल, असं मी माझ्या नावावर सांगते, हेही म्हटलं.

मी 'हरकत आहे' म्हणाले तेव्हा सुश्रुतनं भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग त्यानं मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थी. पण त्या क्षणभरात मला दिसायचं ते दिसलं. त्याला वाटलं होतं, मी गप्प बसेन. त्याला तसंच हवं होतं.

सरांनी वाकून नळीची दोन्ही टोकं बघितली. मग म्हणाले, "वेळ माझ्याकडे नाही, मैथिली. बाहेरच्यांशी बोलणं झालंय. मी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." ते खरंच होतं. सुश्रुत उठला, "थँक्यू सर" म्हणाला. उत्तमला काही कळत नव्हतं. त्यानं आपल्यावर घेतलं होतं, सरांनी माफही केलं होतं, आणि तरी पोर चाललं होतं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या ताटातला घास उचलला होता.

मी सुश्रुतला जिन्यात गाठलं. तो सावकाश उतरत होता.

"सॉरी," मी म्हटलं. हा शब्द मला सहसा सापडत नाही.

"सॉरी काय ताई? खरं तेच बोललात."

"तुला तसं नको होतं. मी पाहिलं."

तो थांबला. हसल्यासारखं केलं त्यानं, कठड्याला टेकून.

"काल मी तुमच्याकडे का आलेलो, माहितीय?"

"मी ठरवावं म्हणून."

"नाही. ती नळी मी बुधवारीच बघितलेली. उत्तमकाकांना पण बुधवारीच विचारलेलं. दीड दिवस गप्प बसलो. घरी आईनं पेढे आणून ठेवलेत. सरांनी विचारलं असतं ना ताई, तर मी हो म्हटलं असतं. मला पक्कं माहीत होतं, मी हो म्हणणार." त्यानं हातमोजे काढले, घडी करून माझ्या हातात दिले. "म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्हाला एकदा कळलं की तुम्ही गप्प बसणार नाही, हेपण माहीत होतं."

मी म्हटलं, "मग मगाशी तसं का बघितलंस?"

"तेव्हा वाटलं," तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं."

आणि तो खरंच हसला, मोकळं. मग खाली उतरून फाटकातून बाहेर गेला. मला हसता आलं नाही. मी हातमोजे धरून तिथेच पायरीवर बसले. वरून कुणीतरी "मॅडम, चहा" म्हणून हाक मारली, तरी उठले नाही.